खुडूक कोंबडीच्या बाजूने

कोंबड्या पाळायचं ठरलं की माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात : वर्षाला अंडी किती? प्रश्न चुकीचा नाही. अंड्यांसाठीच पाळायच्या तर अंडी मोजायलाच हवीत. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत परड्यात कोंबड्या पाळून, अंडी आणि कोंबडे विकून मी गेली कित्येक वर्षं घराचा वरखर्च भागवते. मला विचाराल तर या प्रश्नाचं छापील उत्तर आणि परड्यातलं उत्तर यांच्यामध्ये एक अख्खी कोंबडी हरवलेली असते. ती म्हणजे खुडूक कोंबडी.

छापील उत्तर असं : गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, फार तर ऐंशी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया परड्यात फिरून १६० ते १८० देते. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न आणि तिच्यापासून काढलेल्या व्यापारी जाती तर तीनशेच्या आसपास. हे तीन आकडे शेजारी मांडले की गावठी कोंबडी कोण पाळील? परसातल्या कोंबड्यांवर भरणाऱ्या प्रत्येक शिबिरात हे आकडे फळ्यावर लिहितात, आणि मागे बसलेल्या बायका घरच्या कोंबडीबद्दल लाज वाटल्यासारख्या गप्प बसतात.

आता गावठीचं गणित नीट मांडून बघा. ती बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. पिसं फुलवून बसते, हात नेला तर टोचते, दाण्यापाण्यापुरती दिवसातून एकदा उठते. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. मग दोन-अडीच महिने ती पिल्लांना घेऊन उकिरडा, काजूखालचा पाला, गुरांच्या गोठ्यामागची जागा असं सगळं फिरवते. घार दिसली की एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं क्षणात करवंदीच्या जाळीत दिसेनाशी होतात. पिल्लं सुटी झाली की पुन्हा अंडी. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की वर्ष संपतं. म्हणजे साठ अंडी हा तिचा आळस नाही. उरलेले सगळे दिवस ती दुसऱ्या कामावर असते, आणि त्या कामाचा रकाना फळ्यावर नसतो.

ते काम माणसानं करायचं ठरवलं तर काय होतं ते मी ग्रामप्रिया आणल्यावर कळलं. शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं. तिथून पिल्लं घाट उतरून खोक्यातून येतात. एक दिवसाचं पिल्लू म्हणजे कापसाचा गोळा. त्याला आईची ऊब नाही, तर ती बल्बची द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत चार-पाच आठवडे. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कुंपण, खाली भाताचं तूस, मधोमध बल्ब. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघडून बसली तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरली की समजायचं, जमलं. तापमापकापेक्षा हे बघणं जास्त खरं. पण आमच्याकडे पहिल्या वळवाला वीज जाते ती कधी येईल याचा नेम नाही. रात्री दोन वाजता उठून कंदील लावायचा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, आणि तरी सकाळी दोन-चार पिल्लं कोपऱ्यात चेंगरलेली.

हे बघून माझ्या सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या होत्या, "तुझी कोंबी अंडी घालता ता खरा, पण पिल्लां कोण काढतला? तू बसतलंस रवणात?"

उत्तर त्यांनीच दिलं, बोलून नव्हे, करून. त्यांची एक गावठी कोंबडी तेव्हा रवणावर, म्हणजे अंडी उबवत बसलेली होती. रात्री अंधारात तिच्याखालची अंडी एकेक करून काढली आणि त्या जागी कोल्हापूरची पिल्लं सरकवली. कोंबडीनं एकदा चोचीनं चाचपून बघितलं आणि पंख पसरले. सकाळी ती त्यांना घेऊन बाहेर. ही युक्ती अनेक घरांत आहे, पण तिच्या अटी आहेत. कोंबडी पक्की खुडूक असावी, निदान दोन आठवडे बसलेली. पिल्लं दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी नसावीत, कारण मोठी पिल्लं तिला ओळखत नाहीत आणि ती त्यांना. बदल रात्रीच करायचा. आणि बारा-पंधरांवर जायचं नाही. तेवढीच तिच्या पंखाखाली मावतात.

तेव्हापासून माझ्या परड्याची घडी अशी बसली आहे : अंड्यांना ग्रामप्रिया, पिल्लांना गावठी. ग्रामप्रिया साडेपाच महिन्यांच्या सुमारास अंड्यावर येते, अंडं तपकिरी, ५५ ते ६० ग्रॅमचं. गावठीचं चाळीसच्या आसपास. ग्रामप्रिया खुडूक बसत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तर तिची अंडी सुरू राहतात. दोघींना एकमेकींची गरज आहे आणि दोघींपैकी एकीलाच निवडा म्हणणाऱ्यांनी बहुधा कधी खुराडं झाडलेलं नसतं.

इथे एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज या संकरातून आलेल्या कोंबड्या. त्यांचीच अंडी घरी उबवली तर पिल्लं निघतात, चांगली निघतात, पण आईसारखी निघत नाहीत. एक मोठं, एक लहान, एक तांबडं, एक कबरं. अंडी देण्यातही तसाच चढउतार. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी नवी पिल्लं विकत आणणं आलं. हा खर्च धरूनच हिशोब करायला हवा. ज्यांना तो नको, त्यांनी शुद्ध जात बघावी : ऱ्होड आयलंड रेड, जिला आमच्याकडे सगळे आरआयआर म्हणतात, किंवा ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प. एक अमेरिकेतली, दुसरी ऑस्ट्रेलियातली. ऑस्ट्रालॉर्पच्या एका कोंबडीनं १९२० च्या दशकात ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याची नोंद आहे. ते ऐकून कोणी ती आणणार असेल तर थांबा. ती स्पर्धेतली कोंबडी होती, परड्यातली नव्हे. पण दोन्ही जाती शांत, चरायला बऱ्या, आणि त्यांची पिल्लं त्यांच्यासारखीच निघतात. ऑस्ट्रालॉर्प काळीभोर, उन्हात पिसांवर हिरवी झाक मारते. एप्रिल-मेच्या दुपारी ती फणसाच्या सावलीतून हलत नाही. सावली नसलेल्या अंगणात तिला ठेवू नये.

आमच्या वाडीत आता एक मधला रस्ता रुळला आहे. कोंबडा आरआयआर, कोंबड्या गावठी. या जोडीच्या तलंगा आईपेक्षा जास्त अंडी देतात, अंडंही थोडं मोठं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी अजून खुडूक बसतात. पण पुढच्या पिढीला पुन्हा आरआयआरचाच कोंबडा लावला की खुडूक बसणाऱ्या कमी होत जातात. म्हणून मी चार-पाच कोंबड्या अस्सल गावठी राखते आणि त्यांच्या वाट्याला गावठीच कोंबडा ठेवते. शेजारणी हसतात. पण मार्गशीर्षात त्यांच्याच घरून निरोप येतो, "काकी, एक खुडूक कोंबी देशील?"

लेगहॉर्नबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ही मुळातली इटलीची. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिचा खुडूक बसण्याचा गुणच काढून टाकला आहे. पिंजऱ्यात, मोजून दिलेल्या खाद्यावर, ठरावीक उजेडात ती जगात सर्वांत जास्त अंडी देते आणि शहरातल्या माणसाला स्वस्त अंडं मिळतं ते तिच्यामुळे. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण परड्यात ती पांढरीशुभ्र, हिरव्या रानात लांबून दिसते. घारीला, मुंगसाला, रानमांजराला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही. शिवाय तिला रोज ११० ग्रॅमच्या आसपास तयार खाद्य लागतं. नुसत्या उकरण्यावर तिची तेवढी अंडी निघत नाहीत. परड्यासाठी ती नको.

कडकनाथही थोडक्यात. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात, काळ्या मांसाची, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी काटक आणि देखणा. पण अंड्यांसाठी ती घेणं म्हणजे पैसे जास्त आणि अंडी कमी. वर्षाला शंभराच्या आतबाहेर. मे महिन्यात मुंबईहून आलेले पाहुणे हमखास विचारतात, काळी अंडी आहेत का? कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथची पिल्लं द्यायची आणि अंडी-पक्षी हमीभावानं परत घ्यायचे अशी योजना कोसळली आणि अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्यात कोंबडीचा दोष काहीच नव्हता. पण जो विकतो तोच विकत घेणार, आणि बाजारात तिसरं गिऱ्हाईक नाही, असं दिसलं की जात कुठलीही असो, लांब राहावं.

गिरिराज आणि वनराज यांच्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण योजनांमधून बहुतेक वेळा हीच येतात. गिरिराज बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची, वनराज हैदराबादची, ग्रामप्रियाच्याच घरातली. दोन्ही अंडी आणि मांस अशा दुहेरी कामाच्या. अंडी ग्रामप्रियापेक्षा कमी, पण कोंबडे वजनदार. आमच्याकडे वर्षातला मोठा कोंबड्यांचा बाजार आषाढ अमावस्येच्या आधीचा, गटारीचा. श्रावण लागला की अंडंही कोणी विचारत नाही, ते गणपती होईपर्यंत. म्हणून चैत्राच्या आसपास आणलेली गिरिराजची पिल्लं गटारीला बरोब्बर तयार होतात. कोंबडे गटारीला विकायचे, तलंगा ठेवायच्या. पावसाळा संपता संपता त्या अंड्यावर येतात.

पण या तलंगांना खायला घालताना हात आवरावा लागतो. वनराजची मादी अंड्यावर येताना दोन-सव्वादोन, फार तर अडीच किलोची असावी. वाट्टेल तेवढा मक्याचा भरडा आणि शिळा भात मिळाला की ती त्यापुढे जाते, पोटात चरबी धरते आणि अंडी घालायचीच कमी होते. घरात बायका एकमेकींना सांगतात, "इतकी धष्टपुष्ट आहे आणि अंडं नाही!" धष्टपुष्ट आहे म्हणूनच नाही. वजनदार कोंबडी आणखी एक अडचण करते : ती झाडावर चढत नाही. गावठी संध्याकाळी आंब्याच्या फांदीवर जाऊन बसते, खुराड्याचं दार राहिलं तरी एखादवेळी वाचते. गिरिराजचं खुराडं पक्कंच हवं, जमिनीपासून उचललेलं, बारीक जाळीचं.

आणि एक गिऱ्हाईक असं आहे जे फक्त गावठीचंच आहे. देवाच्या राखणीला कोंबडा लागतो. देवाला गिरिराज चालतो की नाही यावर आमच्या वाडीत एकदा बराच खल झाला. शेवटी चालत नाही असंच ठरलं. गावठी कोंबड्याचा भाव त्या दिवसांत किलोवर ठरत नाही.

अंड्यांचं गिऱ्हाईक रंगाला फसतं. तपकिरी म्हणजे गावठी, आणि गावठी म्हणजे पौष्टिक, अशी पक्की समजूत. तपकिरी रंग कवचावर अगदी शेवटी चढणारं एक रंगद्रव्य. तो जातीवर ठरतो, पौष्टिकतेवर नाही. आमच्या गावठीचं अंडं उलट मळकट पांढरं, साईच्या रंगाचं असतं, आणि तेच बघून मुंबईकर नाक मुरडतात. बलक गडद होतो तो हिरवा पाला, गवत, किडे खाल्ल्यानं. पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही हिरवं खाऊ घातलं तर तिचाही होईल. मी दोन टोपल्या वेगळ्या ठेवते आणि भाव वेगळे सांगते. गावठीचा सर्वांत जास्त, ग्रामप्रियाचा त्याखाली. एकदा चव घेतलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्वस्त टोपलीकडेच वळतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तीच टोपली लवकर भरते.

खाद्याचं सांगायचं तर जास्त अंडी देणारी जात उकिरड्यावर सोडून चालत नाही. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. रोज अंडं घालायचं तर ते कुठून आणणार? आधी हाडांतून काढते, मग पातळ कवचाची अंडी घालते, मग बसून राहते. आम्ही तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपा चुलीत भाजून कुटतो आणि वेगळ्या भांड्यात ठेवतो. जिला लागेल ती खाते. कोंबडा त्या भांड्याकडे फिरकतही नाही. तांदळाचा कोंडा, कणी, शेंगदाण्याची पेंड, वाळवी सापडली तर ती. सुकटीचा चुरा चालतो, पण हात सैल सुटला की अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक तुटतं.

आमच्या पावसात कुठलीही जात असो, खरी परीक्षा कोरड्या जागेची. जून ते सप्टेंबर ऊन नाही, दिवस अंधारलेले, अंडी आपोआप कमी होतात. त्यात खुराड्यातलं तूस भिजलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि ओला कोंडा-भरडा बुरशी धरतो. बुरशीचं खाद्य कोंबड्यांपुढे टाकू नये. पावसात काटकपणाच्या बाबतीत गावठी सगळ्यांच्या वर, यात मला शंका नाही. पण मानमोडीपुढे गावठीही टिकत नाही. मान वाकडी होते, पाय ओढते, हिरवट पातळ हगते, आणि आठवड्यात परडं रिकामं. गावठीला काही होत नाही, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्याच घरांतली डालगी रिकामी झालेली बघितली आहेत.

मानमोडीची लस साधी आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, दोन महिन्यांच्या सुमारास टोचायची. अडचण अशी की लशीची कुपी शंभराच्या वर मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवायला हवी. दहा कोंबड्यांच्या बाईनं काय करायचं? आम्ही वाडीतल्या बायकांनी ते एकत्र करायचं ठरवलं. बर्फाच्या थर्मासमधून कुपी येते, कोंबड्या आदल्या रात्रीच डालग्याखाली कोंडून ठेवलेल्या असतात, आणि सकाळी घराघरांतून थेंब घालत जायचं. हे सुरू झाल्यापासून मर जेवढी थांबली तेवढी कुठलीही महाग जात आणून थांबली नसती.

महाराष्ट्राला स्वतःची म्हणावी अशी नोंदलेली एक जात आहे, बुसरा. नंदुरबार-धुळ्याकडची आणि पलीकडच्या गुजरातेतली. नंदुरबार म्हटलं की लोकांना २००६ चा नवापूरचा बर्ड फ्लू आठवतो, तिथली कोंबडी आठवत नाही. आमच्या कोकणातल्या कोंबडीला आम्ही नुसतं गावठी म्हणतो. वाडीवाडीत तिचा रंग वेगळा, तुरा वेगळा, आणि दर वर्षी बाहेरचे कोंबडे तिच्यात मिसळतायत. योजनेतून फुकट आलेला एक वजनदार कोंबडा अख्ख्या वाडीचं रक्त दोन-तीन वर्षांत बदलून टाकतो, आणि मग खुडूक कोंबडी शोधायला शेजारच्या गावात जावं लागतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्या बायका विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना जातीचं नाव शेवटी सांगते. आधी विचारते, दिवसभर घरी कोण असतं, वीज किती जाते, अंडी कुणाला विकणार, कोंबडे कधी विकणार. घरी कोणी नसेल तर एक दिवसाची पिल्लं नकोत. महिनाभर वाढवलेली, लस दिलेली घ्या, महाग पडली तरी. पहिल्या वर्षी दोन गावठी कोंबड्या घ्या, अंडी मोजून नव्हे, मागच्या वेळी बसल्या होत्या का आणि किती पिल्लं जगवली ते मालकिणीला विचारून. त्यांचं पहिलं रवण निघालं की मग ग्रामप्रियाची मागणी नोंदवा. ती मागणी उबवणी केंद्राकडे बरीच आधी द्यावी लागते, आणि भर पावसात घाटातून पिल्लं मागवू नका.